वरचा डबा

आमच्या घरमालकांच्या घरात चूल विझली की तिच्यावर पाण्याचा हंडा चढायचा. चार घरी चूल पेटल्यावर पाणी चढतं. यांच्याकडे भाकऱ्या झाल्या, कालवण उतरलं, लाकडं मागे ओढून राखेत विझवली, की मालक पडवीतून विचारत, "पाणी ठेवलं काय?" आतून "ठेवलं, ठेवलं" असं उत्तर आलं म्हणजे मग ते जेवायला उठत. उत्तर आलं नाही तर ताट वाढलेलं असूनही पडवीतच बसून राहत. मला पहिले काही दिवस वाटलं, म्हाताऱ्याला चहाची फार आवड असेल. पण ते चहा पीत नसत. ते गरम पाणी बहुतेक माझ्याच वाट्याला यायचं. त्या पाण्यावर मी पाच वर्षं दाढी केली आणि चहा प्यालो.

ही श्रीवर्धनची गोष्ट, साठ सालच्या आगेमागेची. आमचा जिल्हा तेव्हा कुलाबा होता. मी नुकताच बी.एस्सी. होऊन तिथल्या हायस्कुलात विज्ञान शिकवायला लागलो होतो, आणि बी.एस्सी. झालेला माणूस त्या काळी आमच्याकडे जमिनीपासून चार बोटं वरूनच चालायचा. मीही चालायचो. घर दिवेआगरला, नारळी-पोफळीच्या वाडीत. रोज जाऊन-येऊन शाळा करणं जमण्यासारखं नव्हतं. म्हणून मोहल्ल्याच्या टोकाला, समुद्राच्या बाजूची एक खोली भाड्याने घेतली. मुसलमानाच्या घरात राहतो म्हणून आईने दोन महिने माझ्याशी बोलणं टाकलं. आपण फार पुढारलेले आहोत असं त्यामुळे मला वाटायचं, आणि तसं वाटून घ्यायला आवडायचंही. पुढे मी जे केलं ते पाहता तो पुढारलेपणा खोलीच्या उंबऱ्यापर्यंतच होता, हे आत्ताच सांगून टाकतो.

मालकांना सगळे चाचा म्हणत आणि त्यांच्या बायकोला चाची. चाचांनी उभी उमेद जहाजांवर घालवली होती, पण डेकवर नव्हे. ते आगवाले होते. जहाजाच्या पोटात बॉयलरच्या भट्टीसमोर उभं राहून फावड्याने कोळसा मारायचा, विस्तव सारखा करायचा, राख ओढायची, हे काम करणारा तो आगवाला. चाचांनी सारी दुनिया पाहिली आहे, असं गावात बोलत. चाचा म्हणत, "मी भट्टीचं दार पाहिलं. ते समद्या बंदरांत सारखंच." त्यांना भुवया नव्हत्या. कधीतरी जळल्या त्या परत आल्याच नाहीत. त्यामुळे त्यांचा चेहरा नेहमी नुकतंच काहीतरी ऐकल्यासारखा दिसायचा.

दोन्ही हातांच्या बोटांवरची कातडी जुन्या भाजल्याने गुळगुळीत झाली होती. त्या बोटांना गरम-गार काही कळत नसे, म्हणून काहीही पारखायचं तर चाचा हात उलटा करून लावत. भाताचं भांडं, तापलेल्या पोराचं कपाळ, मचव्याचं इंजिन, माझ्या चहाचा कप, सगळ्याला उलटा हात. "सुलटा हात लोखंडाला चिकटतो, मास्तर. उलटा हात आपसूक मागे येतो," असं त्यांनी मला शिकवलं होतं. मी ते पुढे आयुष्यभर प्रयोगशाळेत मुलांना सांगत आलो. कुणाकडून शिकलो ते मात्र सांगितलं नाही.

जहाजावर त्यांची पाळी चार ते आठची असे, पहाटे चार ते आठ आणि संध्याकाळी चार ते आठ. निवृत्त होऊन सहा-सात वर्षं झाली तरी ती पाळी सुटली नव्हती. संध्याकाळी चार वाजले की चाचा गळ्याला फडकं गुंडाळून उठत. करायचं तर काही नसे. विहिरीवर जाऊन पाणी किती आहे ते बघत, चुलीशी येऊन लाकडं बघत, मग किनाऱ्यावर जात. या वेळात कुणी पान खायला बोलावलं तर म्हणत, "पाळीवर हाय." चाची मला एकदा म्हणाल्या, "बाकीच्यांचे नवरे दर्यावरून घरी आले. माझा अजून यायचाय."

उघाडीच्या दिवसांत मुंबईची आगबोट यायची. ती किनाऱ्यापासून लांब उभी राही आणि उतारू होडीतून येत. चाचा वाळूत उभे राहून नुसत्या धुरावरून तिचं पोट वाचत. धूर काळा आला की म्हणत, "नवा पोरगा लावलाय. कोळसा ढीग मारतो, पसरत न्हाय." पातळ करडा आला की खूश होत. "हा कुणी जुना हाय. खाऊन-पिऊन आलाय आज." शाळा सुटलेली पोरं त्यांच्याभोवती जमत आणि आज कोण भट्टीवर आहे ते विचारत. एकदा होडीतून उतरलेल्या एका खलाशाला पोरांनी गाठून विचारलं, तर खरंच त्या दिवशी नवा माणूस लावलेला निघाला. त्यानंतर चाचांचा शब्द पोरांमध्ये माझ्या शब्दापेक्षा जड झाला. मला ते लागलं होतं. तेव्हा मी ते कबूल केलं नसतं.

मुंबईचं वर्तमानपत्र आमच्याकडे एक दिवस शिळं होऊन यायचं. चाचांना उर्दू वाचता येई, मराठी येत नसे, म्हणून रात्रीच्या जेवणाआधी मी त्यांना वाचून दाखवायचो. एके दिवशी बातमी होती की अमेरिकेने अणुशक्तीवर चालणारं जहाज पाण्यात सोडलं. लढाईचं नव्हे, माल आणि उतारू नेणारं. एकदा इंधन भरलं की वर्षानुवर्षं पाहायला नको. रशियाने तसंच एक बर्फ फोडायला केलं आहे, असंही खाली होतं.

"आगवाले किती तिच्यावर?" चाचांनी विचारलं.

"एकही नाही, चाचा. कोळसाच नाही."

"तेल?"

"तेलही नाही."

चाचांनी गळ्याचं फडकं सोडून मांडीवर त्याची घडी केली. मला वाटलं, वाईट वाटलं असेल. मग म्हणाले, "बरं झालं. आता कुणाच्या पोराला खाली उतराया नको."

दुसऱ्या दिवशी त्यांनी मोहल्ल्यात खजूर वाटले. लोक विचारत, घरात काय आहे, कुणाचं काही ठरलं का? चाचा गंभीरपणे सांगत, "अमेरिकेत जहाज पाण्यात सोडलं." गाव आठ दिवस हसत होतं. तेव्हापासून त्यांना आटमचाचा हे नाव पडलं. त्या नावात चेष्टा होती, पण मायाही होती, आणि चाचांनाही ते आवडत असावं. पोस्टातसुद्धा ते स्वतःची ओळख तशी सांगत.

त्यानंतर माझी सुटका राहिली नाही. रोज संध्याकाळी आठ वाजता पाळी संपली की चाचा माझ्या दारात. आत काय असतं, पाणी कुठून येतं, वाफ कुठे जाते? मी मुंबईला गेलो तेव्हा एका वाचनालयात इंग्रजी मासिक चाळलं. त्यात त्या जहाजाचं एक चित्र आणि दीड पान मजकूर होता. माझी सगळी विद्या त्या दीड पानाची. ती मी चाचांना सांगितली: अणू फुटतात, उष्णता निघते, त्या उष्णतेने पाण्याची वाफ होते, वाफेने चक्र फिरतं आणि चक्राने जहाजाचा पंखा.

चाचांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हंजे भट्टी बदलली. बायलर तोच."

हे वाक्य मी दुसऱ्या दिवशी नववीच्या वर्गात माझं म्हणून सांगितलं. मुलांना लगेच समजलं.

"आणि थांबवायची कशी?" हा त्यांचा पुढचा प्रश्न.

"मध्ये दांडे असतात. ते आत सोडले की अणू फुटायचे थांबतात. भट्टी बंद."

"बंद म्हंजे?"

"म्हणजे बंद. दिवा मालवल्यासारखी."

"आणि धगीचं काय?"

"कसली धग, चाचा? आगच नाही, तर धग कुठून येणार?"

चाचांनी मान हलवली, पण ती पटल्याची नव्हती. दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच प्रश्न. आठवड्याने पुन्हा. "मास्तर, जहाज बंदरात लागलं. भट्टी बंद केली. समदी माणसं खाली उतरली. मग तिच्या धगीजवळ कोण बसतं?" मला ते चेंगटपणाचं वाटायला लागलं. खरी गोष्ट अशी होती की त्या दीड पानात याबद्दल एक अक्षर नव्हतं आणि मला माहीत नव्हतं. "माहीत नाही" हे दोन शब्द मी त्या पाच वर्षांत वर्गात एकदाही उच्चारले नाहीत. ते घरमालकासमोर कसे उच्चारणार?

त्या वर्षी शाळेच्या स्नेहसंमेलनात विज्ञानाचं प्रदर्शन ठेवायचं ठरलं आणि मी अणुजहाजाची प्रतिकृती करायला घेतली. जहाजाचं अंग पोफळीच्या झावळीच्या रुंद विरीचं, म्हणजे तिच्या देठाकडच्या चामड्यासारख्या सालीचं. ती पाण्यात भिजवून वाकवली की हवा तो आकार घेते. आतलं इंजिनघर चाचांनी करून दिलं. पत्र्याचे डबे कापून, तारा वळवून, सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी लावून त्यांनी पंप, नळ्या, वाफेचं चक्र असं बसवलं की बघत राहावं. महिनाभर त्यांनी संध्याकाळची पाळी माझ्या खोलीतच केली. भट्टी माझी होती. लाल कागदात गुंडाळलेला टॉर्चचा दिवा, बॅटरी आणि एक बटन. बटन दाबलं की भट्टी लाल, पुन्हा दाबलं की बंद. आता मागे वळून पाहताना कळतं की मी खऱ्या भट्टीवरून प्रतिकृती केली नव्हती. प्रतिकृतीवरून खरी भट्टी समजलो होतो.

शेवटच्या आठवड्यात चाचांनी त्या भट्टीच्या वर एक छोटा डबा बसवला. चहाचा रिकामा डबा होता, त्यावर चहाच्या मळ्याचं चित्र. त्याच्या बुडातून एक बारीक नळी खाली भट्टीत सोडलेली.

"हे काय?" मी विचारलं.

"बंद झाल्यावरचं पाणी," चाचा म्हणाले. "पंप बंद पडला, दिवे गेले, माणूस निजला, तरी हे आपलं आपण खाली उतरंल."

मी त्यांच्यासमोर मान डोलावली. पण मासिकातल्या चित्रात असं काही नव्हतं. प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी चाचा नमाजाला गेले असताना मी तार सोडवली, डबा काढला आणि टेबलाच्या खणात टाकला. मळ्याचं चित्र असलेला डबा अणुजहाजावर बरा दिसत नाही, असं मी स्वतःला सांगितलं.

प्रदर्शनाला मुंबईहून एक इंजिनियर पाहुणे आले होते, मूळचे आमच्याच तालुक्यातले. त्यांच्याबरोबर गावातली बडी मंडळी, मागे पालक, जमिनीवर मुलं. मी छडी घेऊन जहाज समजावून सांगत होतो. दिवा अर्धा तास लाल जळत होता. पाहुणे मान डोलवत होते. या माणसाने चांगला शब्द टाकला तर मला मोठ्या शाळेत जागा मिळेल, हे माझ्या डोक्यात होतंच. तेवढ्यात मागच्या बाकावरून चाचा उभे राहिले. त्यांनी जहाजावरचा जुना निळा कोट इस्त्री करून घातला होता आणि डोक्याला पांढरी टोपी होती.

"मास्तर, वरचा डबा कुठं गेला?"

सगळे वळून बघायला लागले. पाहुण्यांनी विचारलं, "कसला डबा?"

आता मी काय करायला हवं होतं ते सांगायला बी.एस्सी. लागत नाही. मी म्हणालो, "काही नाही, साहेब. आमच्या चाचांनी भट्टीवर चहाचा डबा ठेवला होता. जहाज झालं तरी चहा लागतोच, असं त्यांचं म्हणणं."

हशा झाला. पाहुणेही हसले आणि म्हणाले, "बरोबर आहे, चहाशिवाय कसं चालेल?" मुलं तर जमिनीवर लोळायला लागली. माझा विनोद इतका चालला याचा मला आनंद झाला होता, हेही लिहिलंच पाहिजे.

चाचा बसले नाहीत. "साहेब, भट्टी बंद केली तरी धग ऱ्हाते. आमच्या जहाजावर एकदा..."

"चाचा, जहाजाच्या गोष्टी संध्याकाळी," मी मध्येच म्हणालो. "इथे प्रयोगच करून दाखवतो. या पुढे." मी बटन दाबलं. लाल दिवा गेला. "ही भट्टी बंद. आता हात लावून बघा आणि सगळ्यांना सांगा."

चाचा मुलांच्या रांगेतून वाट काढत पुढे आले. लाल कागद बाजूला सारून त्यांनी हात उलटा केला आणि दिव्याच्या काचेला लावला. चांगला वेळ तसाच ठेवला. मग माझ्याकडे बघून हळू आवाजात, फक्त मला ऐकू येईल असं म्हणाले, "मास्तर, गरम हाय."

माझी लाज राखायला ते हळू बोलले होते. मी वळून सभेला मोठ्याने सांगितलं, "चाचा म्हणतात, थंड आहे."

टाळ्या पडल्या. चाचांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं. त्या भुवया नसलेल्या चेहऱ्यावर राग नव्हता, आणि तो असता तर बरं झालं असतं. ते खाली गेले, आपल्या बाकावर बसले आणि कार्यक्रम संपेपर्यंत सभ्यपणे बसून राहिले.

आटमचाचा हे नाव त्या दिवशी गेलं. दुसऱ्या दिवसापासून ते चहाचाचा झाले. किनाऱ्यावर आगबोट लागली की पोरं धुराबद्दल विचारायची ती आता विचारायला लागली, "चाचा, चहा उकळला काय?" दोन-तीनदा चाचा हसले. मग त्यांनी आगबोटीच्या वेळी किनाऱ्यावर जाणं सोडलं. त्या वेळात विहिरीजवळच फिरत. मला प्रश्न विचारणंही थांबलं. मी वर्तमानपत्र घेऊन पडवीत गेलो तर म्हणत, "ऱ्हाऊ द्या, मास्तर. डोळं दुखत असतील तुमचं." भाड्याची खोली सोडा असं मात्र म्हणाले नाहीत. गरम पाण्याचा तांब्या माझ्या दारात पूर्वीसारखाच येत राहिला.

आठ-दहा दिवसांनी एका दुपारी तो तांब्या आला नाही म्हणून मी स्वयंपाकघराच्या दाराशी गेलो. चाची विझलेल्या चुलीवर हंडा ठेवत होत्या. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "मास्तर, तुम्ही हसलात ते बरं न्हाय केलंत. या हंड्यामागं माझा भाऊ हाय."

मग त्यांनी सांगितलं. त्यांचा धाकटा भाऊ चाचांच्याच पाळीत होता. चाचांनीच त्याला जहाजावर लावलं होतं. एका बंदरात जहाज लागलं, विस्तव ओढून भट्ट्या रिकाम्या केल्या. इंजिनवाला साहेब म्हणाला, आता आग नाही, पाण्याचा पंप बंद करा आणि वर चला. चाचा म्हणाले, साहेब, विटा लाल हायत, पाणी अजून थोडा वेळ चालू द्या. साहेब हसला. म्हणाला, आग विझली, आता काय तुला चहा करायचाय? पंप बंद झाला. भाऊ राहिलेली राख काढायला वाकला होता. आतलं पाणी आटत गेलं आणि नळी फुटली.

"हे दार लावाया धावले. तवाच हात भाजले," चाची म्हणाल्या. "भाऊ घरी आलाच न्हाय. तिकडंच त्या बंदरात दफन केला त्याला."

मी विचारलं, "साहेब चहाचं बोलला होता?"

"व्हय. तेवढंच तर ह्यांना रोज आठवतं."

मी खोलीत येऊन बसलो. मला खरंच माहीत नव्हतं, असं मी स्वतःला पुष्कळ वेळा सांगितलं आणि ते खरंही होतं. पण माहीत करून घ्यायची संधी मला भर सभेत मिळाली होती. "आमच्या जहाजावर एकदा" एवढं त्यांच्या तोंडून बाहेर पडलं होतं, ते मीच तोडलं होतं.

त्याच वर्षी मे महिन्याच्या सुट्टीत विज्ञान शिक्षकांचा वर्ग मुंबईला भरला. एके दिवशी तिथे अणुभट्टीवर व्याख्यान झालं. शेवटी प्रश्न विचारा म्हणाले तेव्हा माझा हात आपोआप वर गेला. मी विचारलं, "भट्टी बंद केल्यावर धगीचं काय होतं?" व्याख्याते एकदम खुलले. म्हणाले, फारच चांगला प्रश्न. दांडे आत सोडले म्हणजे भट्टी लगेच थंड होते हा गैरसमज आहे. फुटून झालेल्या अणूंचे जे तुकडे राहतात त्यांच्यातून उष्णता निघतच राहते, तासन्‌तास, दिवसेंदिवस. पाणी फिरत राहिलं नाही तर बंद केलेली भट्टी आतून वितळू शकते. आणि जहाजावर तर जास्तच जपावं लागतं, कारण तिथे वीज गेली तर बाहेरून मदत नाही. त्यासाठी वेगळी सोय करून ठेवलेली असते. मग त्यांनी मला विचारलं, "तुम्हाला हा प्रश्न कसा सुचला?"

मी म्हणालो, "वाचनात आलं होतं."

एवढं होऊनही मी असं म्हणालो. अंगवळणी पडलं की खोटं बोलायला विचार करावा लागत नाही. परतीच्या प्रवासात मात्र मी ठरवलं की पायरी चढल्या चढल्या चाचांना सांगायचं. पडवीत चाचा बसलेच होते. "काय मास्तर, मुंबई काय म्हणते?" त्यांनी विचारलं.

"उकाडा फार," मी म्हणालो आणि खोलीत गेलो.

मग उद्या सांगू असं करत पावसाळा गेला, दिवाळी गेली. सांगायचं तर नुसतं त्यांना सांगून भागणार नव्हतं, शाळेत उभं राहून सांगावं लागलं असतं, आणि प्रदर्शनातलं जहाज एव्हाना काचेच्या कपाटात माझ्या नावाच्या चिठ्ठीसह बसलं होतं. त्या पाहुण्यांनी खरोखरच शब्द टाकला. मला उरणच्या शाळेत जागा मिळाली. मी खोली सोडली तेव्हा चाचांनी माझी ट्रंक स्वतः बसवर चढवली. टेबलाच्या खणातला चहाचा डबा माझ्या सामानातून उरणला आला.

उरणहून मी पाच-सहा वर्षांनी परत गेलो. मनाला फार खाऊ लागलं होतं, हे एकच कारण. डबा पिशवीत घेतला होता. चाचा पडवीत खाटेवर होते, छाती भरलेली, बोलताना दम लागत होता. चाची आत होत्या. मी एका दमात सगळं सांगितलं: तुमचं बरोबर होतं, बंद केल्यावरही धग राहते, त्या जहाजावर त्यासाठी पाण्याची सोय आहे, मला हे त्याच वर्षी कळलं होतं आणि मी बोललो नाही. मी माफी मागायला आलोय.

चाचा ऐकत होते. मग म्हणाले, "मला काय सांगता, मास्तर? मी हात लावला होता."

मी डबा काढून त्यांच्या खाटेवर ठेवला. त्यांनी तो उलटसुलट करून पाहिला, बुडाची नळी तपासली आणि परत माझ्या हातात दिला.

"माफी दिली. पण मला सांगून काय व्हनार? त्या पोरांना सांगा. दोघं-तिघं जहाजावर गेलेत त्यांतले, इंजिनात. उद्या कुणी साहेब बोलला, आग न्हाय, पाणी बंद करा, तर बंद करतील बिचारे. मास्तरांनी शिकवलंय म्हणून." त्यांना खोकला आला. तो थांबल्यावर म्हणाले, "आणि हा जिथला हाय तिथं लावा."

"आज लावतो," मी म्हणालो.

तिथून मी सरळ शाळेत गेलो. नव्या मुख्याध्यापकांनी माझं फार कौतुकाने स्वागत केलं आणि मला नववीच्या वर्गावर नेलं. कपाटातलं जहाज मुलांना ठाऊकच होतं. मुख्याध्यापक म्हणाले, "हेच ते सर," आणि मग मोठ्या रंगात त्यांनी चहाच्या डब्याची गोष्ट सांगितली. ती आता शाळेची गोष्ट झाली होती. म्हाताऱ्या चाचाने अणुभट्टीवर चहाचा डबा ठेवला, मास्तरांनी त्याला हात लावायला लावला आणि तो म्हणाला, थंड आहे. सगळा वर्ग हसला. मुख्याध्यापकांनी माझ्याकडे पाहिलं. डबा माझ्या पिशवीत होता, कपाट चार पावलांवर होतं, एक तार वळवायची होती.

मीही हसलो. मग चहा घेतला आणि दुपारची एस.टी. पकडली.

चाचा त्याच पावसाळ्यात गेले. मला पत्राने कळलं.

आता मी निवृत्त आहे. डबा माझ्या टेबलावर असतो, त्यात टाचण्या आहेत. मळ्याचं चित्र पुसट झालं आहे. घरात गॅस आला तेव्हा मी शेगडी बंद केल्यावर तिच्यावर पाण्याचं पातेलं ठेवायला लागलो, तर बायको हसली. मी तिला कारण सांगितलं नाही.

त्या वर्षी श्रीवर्धनच्या शाळेत जमिनीवर बसून जी मुलं हसली, ती आता पन्नाशी-साठीची असतील. त्यांच्यापैकी कुणाच्या हाती हे पडलं तर त्यांच्यासाठी लिहितो आहे. भट्टी बंद केली तरी धग राहते आणि तिच्याजवळ पाणी लागतं. मी बटन दाबल्यावर दिवा गरम होता. चाचा "गरम हाय" असं म्हणाले होते, "थंड आहे" हे मी म्हणालो. आणि वरचा डबा चहासाठी नव्हता.